कुमासीचा अक्वासिदाए: आधी तारीख धरा, मग तिकीट काढा

घानाला जायचं ठरलं की बहुतेक जण अक्रा आणि केप कोस्टचा किल्ला धरून बेत आखतात, आणि दिवस उरले तर कुमासी. माझं सांगणं, सुरुवात कुमासीपासून करा आणि तीही अक्वासिदाएची तारीख बघून. कुमासी ज्यांची राजधानी, त्या आसांते लोकांचा हा सण दर ४२ दिवसांनी येतो आणि नेहमी रविवारीच. त्यांच्या पंचांगात सहा दिवसांचा एक जुना आठवडा आणि सात दिवसांचा आठवडा बरोबरीनं चालतात, म्हणून हे ४२ दिवसांचं चक्र. आपल्या तिथींसारख्या या तारखा दर वर्षी सरकतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या कुणाच्या फोटोंवर विसंबू नका.

अक्राहून कुमासी साधारण २५० किलोमीटर. एसी बसनं पाच-सहा तास धरा. वाटेतल्या गावांतल्या गर्दीत आणखी वेळ जातो. शनिवारीच पोचून राहावं. विमानानं तासाच्या आत होतं.

सणाचा मूळ विधी सकाळी, बंद दाराआड होतो. पूर्वजांच्या काळ्या केलेल्या लाकडी आसनांपुढे अन्न आणि पेय ठेवलं जातं. तिथं बाहेरच्यांना प्रवेश नाही आणि तो नसावाच. आपल्याला बघायला मिळतो तो मान्हिया राजवाड्याच्या आवारातला दरबार. आम्ही दहाच्या आधी जाऊन बसलो, म्हणून सावली मिळाली. आधी ऐकू आले ते फॉन्टोमफ्रॉम, माणसाच्या छातीइतके उंच ढोल. मग मखमली छत्र्या आल्या. छत्री धरणारे ढोलाच्या ठेक्यावर त्या वरखाली उसळवत होते, त्यामुळे झालरी सतत हलत होत्या. त्याखाली आसांतेहेने, म्हणजे राजे ओतुम्फुओ ओसेई टुटू दुसरे. १९९९पासून ते गादीवर आहेत. सोन्याच्या मुठीच्या तलवारी घेतलेले सेवक पुढे बसले. एकेक सरदार मानवंदनेला जाताना आधी पायांतल्या चपला काढी, खांद्यावरचं वस्त्र खाली घेई आणि मगच वाके. सरदार वयानं थोर असो की धाकटा, रीत तीच. तो प्रकार पर्यटकांसाठी मांडलेला नाही, त्यांच्या राज्यव्यवस्थेचा भाग आहे. हे ध्यानात ठेवून बसलं तर तीन-चार तास कमी पडतात.

त्याच आवारातलं संग्रहालय चुकवू नका. सेशेल्समधल्या हद्दपारीतून १९२४ साली परतलेल्या राजे प्रेंपेह पहिले यांच्यासाठी ही वास्तू उभारली गेली. १८७४च्या युद्धात इंग्रजांनी कुमासीतून सोनं लुटलं. त्यातले काही दागिने २०२४मध्ये लंडनच्या संग्रहालयांनी इथं पाठवले, पण उसने म्हणून. ज्यांच्या घरातून नेलं त्यांनाच उसनं देणं मला अन्यायाचं वाटतं.

कपडे साधे पण अंगभर असावेत. अर्ध्या चड्डीत जाऊ नये. सरदारांसमोर पायावर पाय टाकून बसणं अनादराचं मानतात. काहीही देता-घेताना उजवाच हात वापरा. रांगेतल्या मंडळींना नमस्कार करायचा तर उजवीकडून सुरुवात करा. जवळून फोटो काढण्याआधी विचारा.

शाकाहारींनी चवळीचं कालवण आणि तळलेली केळी, म्हणजे 'रेड-रेड', मागावं. मात्र त्यात सुकी मासळी घातली आहे का, हे आधी विचारून घ्यावं.

दुसऱ्या दिवशी बोनविरेला जा, कुमासीजवळच. तिथं केंटे विणतात: हातमागावर अरुंद पट्ट्या, मग त्या जोडून वस्त्र. डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोनं या कलेची नोंद घेतली. खरेदी विणकराकडूनच करा, छापील कापडही केंटे म्हणून विकलं जातं.

मे महिन्यात जाणार असाल, तर पहिल्या शनिवारी समुद्रकाठच्या विनेबा गावी आबोआचिर हा सण असतो. दोन आसाफो पथकं, म्हणजे गावातल्या योद्ध्यांच्या परंपरागत तुकड्या, जंगलातून जिवंत हरीण हातानं पकडून आणण्याची शर्यत लावतात. अक्रातल्या गा लोकांचा होमोवो ऑगस्टच्या सुमारास. त्याआधी, मे-जूनच्या सुमारास, काही आठवडे शहरात ढोल-गोंगाटावर बंदी असते, ती पाहुण्यांनीही पाळायची.

पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि दाखला हातातल्या सामानात ठेवा. घानात शिरताना तो लागतो आणि भारतात परतताना नसेल तर विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या आणि सुट्टे सेडी, म्हणजे घानाचं चलन, जवळ असू द्या.