डॉक्सीचा खांदा

जुलैत लोटे परशुरामच्या हवेत सुकं असं काहीच राहत नाही, हाय व्होल्टेजची उपकरणंसुद्धा. अशाच एका दिवशी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसवर (बारीक नळीत व्होल्टेज लावून घटक वेगळे करण्याची पद्धत) डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या पीकला, म्हणजे आलेखावरच्या सुळक्याला, खांदा आला, बाजूला चिकटलेला फुगवटा. हा खांदा म्हणजे ६-एपिडॉक्सिसायक्लिन. मेटासायक्लिनवर हायड्रोजन चढवताना डॉक्सीसोबत तेही थोडं तयार होतं. अणू तेच, वस्तुमान तेच; सहाव्या कार्बनवरचा मिथाइल गट तेवढा उलट्या बाजूला. नुसत्या वस्तुमानावरून दोन्ही ओळखू येत नाहीत, आधी वेगळी करावीच लागतात.

कॅपिलरी ५० मायक्रॉन आतील व्यासाची, ६० सेंमी लांब. बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ५० मिलिमोलर कार्बोनेट, पीएच १०; त्यात धातूचे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए, १ मिलिमोलर. टेट्रासायक्लिनची सगळी भावंडं धातूच्या आयनांना चिकटतात, त्यामुळे ईडीटीए नसेल तर पीकला शेपूट फुटतं. ५० मिलिबारने ५ सेकंद, म्हणजे जेमतेम ६ नॅनोलिटर नमुना. मग २० किलोव्होल्ट, डिटेक्टर २७० नॅनोमीटरवर.

सकाळी सुटी असलेली पीकं दुपारी चिकटली, पीक येण्याची वेळही पुढेमागे होऊ लागली. कॅपिलरी गेली, बदला, हा ठरलेला सल्ला मिळालाच. पण नवी बसवायची तर विंडो जाळा (डिटेक्टरसमोरचं कॅपिलरीवरचं आवरण काढा), १ मोलर कॉस्टिक सोड्याने अर्धा तास धुवा. त्यापेक्षा करंट बघणं स्वस्त. नमुना न घालता व्होल्टेज ५-५ किलोव्होल्टने २५ पर्यंत चढवला. उष्णतेचा त्रास असता तर करंटची रेघ हळूहळू वर वळली असती. इथे २० ला सुमारे ४० मायक्रोअँपियर, म्हणजे ०.८ वॅट, तेवढी उष्णता कूलिंग सहज ओढून नेतं. रेघ १५ पर्यंत सरळ होती, पुढे उड्या मारत होती. उड्या म्हणजे करंटची गळती. इलेक्ट्रोडवर आणि वायलच्या (बफरच्या छोट्या बाटल्यांच्या) टोपणांवर वाळलेलं बफरचं मीठ दमट हवेत ओलं झालं होतं. पाण्याने, मग मेथॅनॉलने पुसून कोरडं केल्यावर वेळ स्थिरावली.

खांदा मात्र तसाच.

तो बफरमुळे होता. ४० मायक्रोअँपियरचा २० मिनिटांचा रन इनलेटच्या, म्हणजे नमुना शिरतो त्या टोकाच्या, ॲनोडवर (धन इलेक्ट्रोडवर) सुमारे अर्धा मायक्रोमोल आम्ल तयार करतो. बफर वाचवायला पाव मिलीची वायल लावलेली. तिच्यात पीएच १० ला हे आम्ल शोषणारं कार्बोनेट जेमतेम ४ मायक्रोमोल. आठेक रनमध्ये सगळं संपतं, पीएच घसरतो, आणि इलेक्ट्रोऑस्मोटिक, म्हणजे व्होल्टेजने ओढलेल्या, प्रवाहाबरोबर कॅपिलरीत शिरतं ते इनलेटचंच बफर. दीड मिलीच्या ताज्या वायली दोन्ही टोकांना लावल्या, दर पाच रनला बदलायचं ठरलं. पुढच्याच रनमध्ये दोन्ही पीकांमधली रेघ बेसलाइनला, म्हणजे आलेखाच्या तळरेषेला, टेकली.