तुम्ही विचारलंत म्हणून : ती दोघे सरळ बोलून का टाकत नाहीत?

जुन्या इंग्लंडमधल्या प्रेमकादंबऱ्या मी आवडीने वाचते आणि त्यांच्याविषयी चार ठिकाणी बोलतेही, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. त्या दोघांचे एकमेकांवर प्रेम आहे हे वाचकाला सुरुवातीच्या काही प्रकरणांतच कळलेले असते. मग पुढची तीनशे पाने गैरसमजांत, गुपितांत आणि तिसऱ्याच माणसांच्या तोंडून आलेल्या निरोपांत का जातात? एक पत्र लिहून किंवा पाच मिनिटे बाजूला गाठून मनातले सांगून का टाकत नाहीत? गोष्ट लांबवण्यासाठी लेखिकेने केलेली ही युक्ती असावी, असे विचारणाऱ्याला बहुधा वाटत असते. चांगल्या कादंबरीत ती युक्ती नसते, असे माझे ठाम मत आहे. ज्या काळात या कथा घडतात त्या काळात सरळ बोलण्याचे बहुतेक मार्ग बंद होते, आणि म्हणूनच या कथांमध्ये प्रियकराइतकीच, किंबहुना त्याच्याहून अधिक, मैत्रीण महत्त्वाची ठरते.

हा काळ ढोबळमानाने १८११ ते १८२० चा. राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्याचा मुलगा त्याच्या वतीने कारभार पाहत होता, म्हणून त्याला रीजन्सी म्हणतात. आज लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांपैकी कितीतरी याच दशकात घडतात. त्या काळातली इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन हिच्यासाठी मात्र तो इतिहास नव्हता. ती आपल्या भोवतालचे जग लिहीत होती, आणि म्हणूनच त्या जगाचे नियम समजून घ्यायचे तर तिच्याकडेच जावे लागते.

पत्राचेच पाहा. ज्यांचा वाङ्निश्चय झालेला नाही अशा तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्र लिहिणे सभ्य घरांत मान्य नव्हते, आणि असा पत्रव्यवहार चालू आहे असे कळले की लग्न ठरले असेच लोक धरून चालत. ते पत्र लपूनछपून येण्याचीही सोय नव्हती. टपालाचा खर्च सहसा पत्र पाठवणारा देत नसे, तो घेणाऱ्याला द्यावा लागे, आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरत असे. वेगळे पाकीट केले तर तो आणखी एक कागद मोजला जाई. म्हणून एकच मोठा कागद जमेल तितका भरायचा, त्याची घडी घालायची, ती लाखेने बंद करायची आणि बाहेरच्या अंगावर मोकळ्या ठेवलेल्या जागेत पत्ता लिहायचा, अशी रीत होती. मजकूर संपला नाही तर कागद आडवा फिरवून लिहिलेल्या ओळींवरूनच काटकोनात पुढच्या ओळी लिहीत. असे पत्र वाचायला डोळे आणि सवय दोन्ही लागत. पत्र दारात आले की कोणाला तरी पैसे मोजावे लागत, आणि पत्त्याचे अक्षर घरातल्या सगळ्यांच्या नजरेस पडत असे. एका पेनीचा सरसकट दर लागू झाला तो १० जानेवारी १८४० ला, म्हणजे या कथांच्या वीस-पंचवीस वर्षांनंतर.

आता ऑस्टिनच्या ‘एमा’ या कादंबरीतली जेन फेअरफॅक्स आठवा. तिने फ्रँक चर्चिलला गुपचूप लग्नाचे वचन दिलेले आहे, आणि त्याची पत्रे आजी आणि मावशीच्या नजरेला पडू नयेत म्हणून ती सकाळी न्याहारीच्या आधी, प्रकृती नाजूक असताना, भर पावसात स्वतः टपाल कचेरीत जाते. गावातल्या एक बाई आग्रह धरतात की आमचा नोकर रोज टपाल आणतोच, तो तुमचीही पत्रे आणील. जेन नम्रपणे पण निकराने नकार देते. पहिल्या वाचनात हा प्रसंग गावगप्पांसारखा वाटतो. गुपित कळल्यावर पुन्हा वाचला की त्या मुलीच्या जिवाची घालमेल ओळीओळीत दिसू लागते. तिला विश्वासाची एकही मैत्रीण नाही. तिच्याच वयाची, तिच्याइतकीच हुशार एमा त्याच गावात आहे. पण एमा तिला दूर ठेवते, तिच्याविषयी नको त्या शंका रचते आणि त्या नेमक्या फ्रँकलाच सांगते. लोक या कादंबरीला एमाच्या प्रेमाची गोष्ट म्हणतात. मला ती न झालेल्या मैत्रीचीही गोष्ट वाटते, आणि ती मैत्री झाली असती तर त्या पावसात जेनला जावे लागले नसते.

वचन गुपित का ठेवायचे, याचे उत्तर बहुतेक वेळा पैशात सापडते. इस्टेट कोणाच्या तरी मर्जीवर असे; फ्रँकच्या बाबतीत ती मर्जी मामीची होती. १७५३ च्या विवाह कायद्यानंतर एकवीस वर्षांखालच्या मुलामुलींना परवाना काढून लग्न करायचे तर वडिलांची किंवा पालकांची संमती लागे. ती टाळायची तर सीमा ओलांडून स्कॉटलंडमधले ग्रेटना ग्रीन गाठावे लागे, कारण तो कायदा तिथे लागू नव्हता. लग्नानंतर बायकोची मालमत्ता वेगळी बांधून ठेवलेली नसेल तर नवऱ्याच्या ताब्यात जाई. अशा व्यवस्थेत एखाद्या मुलीने आपले मन आधी उघड केले आणि पुढे काही जमले नाही, तर तिच्या नावाला बट्टा लागत असे आणि पुढच्या स्थळांवरही पाणी सोडावे लागे. तेव्हा गप्प राहणे हा भित्रेपणा होता, असे मला म्हणवत नाही.

मग मन मोकळे कुठे करायचे? बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी. पत्रे लिहिण्याची मुभा तिथेच होती, हातात हात घालून दूरवर फिरायला जाण्याचीही. आणि नेमक्या याच जागेवर ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही ऑस्टिनची १८११ सालची कादंबरी बोट ठेवते. लूसी स्टील नावाची एक मुलगी नायिका एलिनोरबरोबर चालत असताना, अगदी विश्वासात घेतल्याच्या सुरात, तिला सांगते की एडवर्ड फेरर्सशी आपला वाङ्निश्चय होऊन चार वर्षे झाली आहेत. एलिनोरचे त्याच एडवर्डवर प्रेम आहे, आणि लूसीला त्याचा पुरता अंदाज आहे. ती खिशातून एडवर्डची छोटी तसबीर काढून दाखवते. एलिनोर स्वतःची समजूत घालते की तसबीर काय, कशीही हाती आलेली असू शकते. मग लूसी एक पत्र पुढे करते. त्यावरचा पत्ता एडवर्डच्याच अक्षरात आहे, आणि तिथे एलिनोरची सगळी आशा संपते, कारण वचन दिल्याशिवाय पुरुष पत्र लिहीत नाही हे ती जाणून आहे. वर सांगितलेला टपालाचा शिष्टाचार माहीत नसेल तर हा घाव वाचकापर्यंत पोहोचतच नाही.

यानंतर लूसी तिच्याकडून गुप्ततेची हमी घेते. एलिनोर ती पाळते; चार महिने, सख्ख्या बहिणीलाही न सांगता. प्रतिस्पर्धी मुलीचे गुपित, तेही तिला गप्प करण्यासाठीच सांगितलेले, पण शब्द दिला म्हणून तो मोडायचा नाही. दरम्यान तिची बहीण मॅरिअॅन आपले दुःख घरभर मांडून बसलेली असते आणि एलिनोरला भावनाच नाहीत असे समजत असते. त्या दोघींमध्ये सत्य उघड होते तो प्रसंग या कादंबरीतला मला सर्वांत मोठा प्रेमप्रसंग वाटतो, आणि त्यात एकही पुरुष नाही. मैत्रीचे सोंग करून लूसी गुपिताचे शस्त्र करते, आणि त्याच गुपिताने एलिनोरची पारख होते.

आपल्याकडच्या वाचकाला ही सखी अनोळखी वाटू नये. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून अनसूया आणि प्रियंवदा आपल्या ओळखीच्या आहेत. दुर्वासाचा शाप त्या दोघी ऐकतात आणि शकुंतलेला तो सोसणार नाही म्हणून तिच्यापासून लपवून ठेवतात. त्यांच्या मायेपोटी ठेवलेल्या गुपिताची किंमत शकुंतलेला मोजावी लागते. हा समाज वेगळा आणि काळही वेगळा, तरी प्रेमकथेचा सारा भार सख्यांच्या मौनावर यावा हे दोन्हीकडे आहे.

ऑस्टिनच्या स्वतःच्या आयुष्यातली एक घटना मला या सगळ्याहून जवळची वाटते. १८०२ च्या डिसेंबरमध्ये ती आणि तिची बहीण कॅसँड्रा, बिग कुटुंबातल्या मैत्रिणींकडे मॅनिडाउन या त्यांच्या घरी राहायला गेल्या होत्या. त्या मैत्रिणींचा धाकटा भाऊ हॅरिस, एकवीस वर्षांचा आणि त्या मोठ्या इस्टेटीचा वारस, याने जेनला मागणी घातली. ती सत्तावीस वर्षांची होत आली होती आणि तिच्यापाशी पैसा नव्हता. तिने होकार दिला. रात्र गेली आणि सकाळी तिने तो मागे घेतला. बहिणी तातडीने तिथून निघाल्या. त्या रात्री तिच्या मनात काय चालले होते ते सांगणारे तिचे एकही पत्र उरलेले नाही. तिची पुष्कळशी पत्रे कॅसँड्राने पुढे म्हातारपणी जाळून टाकली. चरित्रकारांना याची हळहळ वाटते. मला मात्र कॅसँड्राचा राग येत नाही. जिला पत्रे लिहिली होती तिनेच ती कोणासाठी होती हे ठरवले.

सख्ख्या भावाला होकार देऊन दुसऱ्या दिवशी नाकारणारी मुलगी मैत्रीण म्हणून टिकावी, हे त्या काळात सोपे नव्हते. ती टिकली. १८१७ च्या मे महिन्यात आजारी जेनला उपचारांसाठी विंचेस्टरला आणले, तेव्हा तिच्यासाठी राहण्याची जागा पाहून ठेवली ती एलिझाबेथ हीथकोटने, म्हणजे त्याच हॅरिसच्या थोरल्या बहिणीने. आपण तिला रोज भेटतो, असे जेनने भाच्याला लिहिलेल्या पत्रात आहे.

म्हणूनच आजच्या ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या वाचताना मी आधी मैत्रिणीकडे पाहते. ती केवळ नायिकेची वेणीफणी करायला, चिडवायला आणि निरोप पोहोचवायला ठेवलेली असेल, तर झगे आणि झुंबरे कितीही बिनचूक वर्णिलेली असोत, लेखिकेला तो काळ कळलेला नाही असे मी समजते. तिला स्वतःचे काही गमावण्यासारखे असेल, गुपित सांभाळताना तिची ओढाताण होत असेल, तर मग नायक-नायिकेने शेवटपर्यंत तोंड उघडले नाही तरी माझी तक्रार नसते. ज्यांना हे पडताळून पाहायचे आहे त्यांनी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’चे बाविसावे प्रकरण वाचावे आणि लगेच सदतिसाव्याकडे जावे: पहिल्यात लूसी पत्र दाखवते, दुसऱ्यात एलिनोर बहिणीला सगळे सांगते. मधली प्रकरणे त्यानंतर वाचली तरी चालतील, आणि मला खात्री आहे की ती तुम्ही वाचालच.