सिन्स-फॉरचे दोन आठवडे

'सर, बाकी ग्रामर भरभर उरकता आणि सिन्स-फॉरवर दोन-दोन आठवडे काय घालवता?' लातुरात क्लास काढल्यापासून पालक हेच विचारतात. मी 'पाया पक्का पाहिजे' म्हणून वेळ मारून नेतो. आज तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

'मी पाच वर्षांपासून लातुरात राहतो.' आपल्याला वर्तमानकाळ पुरतो. म्हणून पोरगं लिहितं, 'आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स.' इंग्रजीला तिथं 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. मुदतीला फॉर, सुरुवातीला सिन्स. आपलं 'पासून' दोन्हीकडं चालतं. यात अडाणीपणा कसला? जर्मन आणि फ्रेंच माणूसही आपल्या भाषेत इथं वर्तमानकाळच वापरतो.

२००२ साली पुण्यात मुलाखतीला गेलो होतो. दाजींचे बूट घालून. ते चावत होते. समोर तिघं. 'वडील काय करतात?' मी म्हणालो, 'माय फादर इज एक्सपायर्ड सिन्स नाइन्टी थ्री.' पुढं किल्लारीचा भूकंप, गणपती बुडवून गाव झोपलेलं, ती पहाट, सगळं इंग्रजीत पाठ करून नेलं होतं. मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. 'एक्सपायर्ड सिन्स? औषधाची बाटली आहे का?' दुसरे हसले. तिसऱ्यांनी शांतपणे सुधारून दिलं, 'डाइड इन. नाहीतर हॅज बीन डेड सिन्स.' आणि मी 'थँक यू सर' म्हणालो. थँक यू! साहेबांपेक्षा त्या थँक यूचा राग जास्त आहे.

परतीच्या एसटीत तेच घोळवत होतो. हॅज बीन डेड. म्हणजे काय, बाप नऊ वर्षं मरतोच आहे? ही भाषाच दगड, असं तेव्हा ठरवून टाकलं. आता मीच फळ्यावर लिहितो: घडून गेलं आणि साल दिलं, तर साधा भूतकाळ, तेव्हापासून आजपर्यंत तसंच आहे, तर हॅज बीन. आई मात्र एवढंच म्हणते, 'त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली.' त्या 'जाऊन'ला अजून मला नीट इंग्रजी सापडलेलं नाही. व्याकरण त्या साहेबांचं बरोबर होतं, हे मानतो. हसणं बरोबर होतं, हे नाही मानत.

मागं एका पोरीनं वहीत लिहिलं, 'माय ग्रँडफादर इज नॉट विथ अस सिन्स टू इयर्स.' लाल पेन उघडलं, पण आधी विचारलं, 'आजोबा कुठले गं?' 'औशाचे,' म्हणाली आणि सांगतच राहिली. तास संपला, दुरुस्ती राहिली.

चाचणीत तिनं पुन्हा तेच लिहिलं. मी अर्धा मार्क कापला.