तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं काय होतं हो त्या पडद्यात?

लग्नकार्यात किंवा नवी पेठेत कुणी ओळखीचं भेटलं की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर गाडी हमखास तिथेच येते. काका, घरी पासष्ट इंची टीव्ही आहे, मुलाने साउंडबार पण लावून दिलाय, मग त्या जुन्या टॉकीजांचं एवढं काय घेऊन बसलाय अजून? भाचा तर सरळच म्हणतो, "मामा, ढेकूण होते की त्या खुर्च्यांत." होते ना. ढेकूण होते, पंखे नुसता आवाज करायचे, एप्रिल-मे मध्ये सोलापूरचं ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको, आणि मॅटिनीला पत्र्याखाली बसलेला माणूस इंटरवलपर्यंत शिजून निघायचा. त्यातलं काहीएक मला परत नकोय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, शिट्ट्या, ब्लॅकवाले, गोटी सोडा हे सगळं लोकांनी इतकं लिहिलंय की आता ते न बघितलेल्यांनासुद्धा आठवतं. मला आठवतो तो पडदा. म्हणजे पडद्यावरचा सिनेमा नाही, पडदाच. तो मोठा व्हायचा, आमच्या डोळ्यांदेखत.

कसं ते सांगतो. आधी जाहिरातींच्या स्लाइडी, मग सरकारी फिल्म्स डिव्हिजनचं न्यूजरील म्हणजे बातम्यांची फिल्म, कुठेतरी पूर नाहीतर धरणाचं उद्घाटन. हे सगळं मधल्या चौकोनात चालायचं, दोन्ही बाजूंना काळं कापड. न्यूजरील संपलं की क्षणभर अंधार, आणि मग कुठूनतरी दोरी-चाकाचा घर्र आवाज यायचा आणि ते काळं कापड दोन्हीकडे सरकायला लागायचं. झालं, पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त रांगांतून, पहिली शिट्टी तिथेच. हिरो नाही, नाव नाही, नुसतं कापड सरकतंय आणि पब्लिक खूश, कारण कळलेलं असायचं की आज स्कोप आहे. त्यानंतर सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं आणि त्यावर किती रिळं ते लिहिलेलं असायचं. ते थोडेच सेकंद दिसतं पण आमच्या पुढच्या रांगांतले लोक बरोबर तेवढंच वाचायचे आणि मोठ्याने सांगायचे, "अठरा रीळ हाय बे, वसूल!" आणि बारा-तेरा निघाली की लगेच नाराजी, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच.

आता हे स्कोप म्हणजे काय, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. अमेरिकेत घरोघर टीव्ही आला, लोक थिएटरात येईनात, म्हणून १९५३ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सिनेमास्कोप आणलं. घरी मिळणार नाही असं काहीतरी दाखवा, एवढाच हिशोब. युक्ती मात्र भारी होती. फिल्म तीच ३५ एमएमची, पण शूटिंग करताना खास लेन्सने चित्र आडवं दाबून त्याच फिल्मवर बसवायचं आणि दाखवताना प्रोजेक्टरला तसलीच उलटी लेन्स लावून परत पसरवायचं. ती लेन्स मूळ ऑरी क्रेतिएं नावाच्या फ्रेंच माणसाची, १९२० च्या दशकातली, पंचवीसेक वर्षं कुणी फारसं विचारलं नव्हतं. आपल्याकडे पहिला स्कोप सिनेमा १९५९ चा, 'कागज के फूल'. जुन्या सिनेमाची फ्रेम उंची एक धरली तर रुंदी साधारण १.३७, स्कोपची २.३५. म्हणजे उंची तेवढीच ठेवली तर चित्र पावणेदोन पट रुंद होतं. आमचं काळं कापड सरकायचं ते ह्याच्यासाठी.

आता ऑपरेटरकडून ती लेन्स बदलायची राहिली की काय व्हायचं ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत. स्कोपचा सिनेमा साध्या लेन्सवर चालू झाला की पडद्यावर सगळे शेवग्याच्या शेंगेसारखे, लांबच लांब, हिरॉईनसुद्धा, घोडासुद्धा. आणि उलटं झालं, साध्या सिनेमाला स्कोपची लेन्स राहिली, की सडपातळ हिरो एकदम पैलवान. थिएटर डोक्यावर! "ओ लेन्स! लेन्स!" पाचवी-सहावीतली पोरंसुद्धा ओरडायची, म्हणजे बघा, सोलापुरातल्या पिटातल्या पब्लिकला ऑप्टिक्स माहीत होतं, फक्त शाळेत कुणी विचारत नव्हतं. तसंच "फ्रेम!" म्हणून ओरडायचं, चित्र वर सरकून पाय वर आणि डोकी खाली दिसायला लागली की. आणि "कार्बन!"

हे कार्बन मी जवळून बघितलंय. वडिलांच्या ओळखीचे एक ऑपरेटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी आणि मशीनशी बहुतेक कन्नड, कारण शिव्या कन्नडमध्ये असायच्या. टॉकीजचं नाव नको. लोखंडी जिन्यावरून वर गेलं की केबिन, आत दोन मशीन शेजारी-शेजारी. मशीनच्या मागच्या पेटीत कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, टोकं जवळ आणायची, ठिणगी पडली की थोडी लांब करायची आणि मध्ये जो जाळ पेटतो तो उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही, काळ्या काचेतून बघायचा. तोच उजेड पडद्यापर्यंत जाणार. कांड्या जळत जातात तसं अंतर वाढतं, मग एक बारीक गोल मूठ फिरवत ते अंतर सांभाळायचं, सारखं. अण्णा गप्पा मारता मारता न बघता फिरवायचे. हात जरा विसरला किंवा कांडी वाकडी जळली की पडद्याची एक बाजू पिवळट पडायची आणि खालून आरोळी आलीच.

दोन मशीन कशाला, तर रीळ संपतं म्हणून. मशीनवरचं दोन हजार फुटांचं रीळ (सर्टिफिकेटवरची दोन मिळून हे एक) बावीसेक मिनिटं चालतं, ते संपायच्या आत दुसरं मशीन तयार पाहिजे. कधी चालू करायचं हे कळायला चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, क्षणभर. पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर, त्यानंतर सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की इकडचं झाकण बंद आणि तिकडचं उघडं. अण्णांनी मला तो ठिपका एकदा दाखवला आणि माझी वाट लावली. त्यानंतर कुठलाही सिनेमा असो, आई मरतेय, भाऊ भावाला ओळखतोय, आणि मी कोपऱ्यात बघतोय. बायकोला लग्नानंतर पहिल्याच सिनेमाला मी हौसेने ठिपका दाखवला, ती अजून माफ करत नाही, कारण तिलाही तो दिसायला लागला.

पडद्याच्या मागेही गेलोय. त्याच अण्णांनी एकदा शो चालू असताना नेलं, स्पीकरला काहीतरी झालं होतं. तिथे जाऊन मला कळलं की पडदा म्हणजे सपाट पांढरं कापड नाहीच, त्याला सगळीकडे सुईच्या टोकाने पाडल्यासारखी बारीक भोकं असतात. ओळीत, हजारोंनी. आवाज पडद्यामागच्या स्पीकरातून येतो ना, तो अडू नये म्हणून. पुढे बसलेल्याला एक भोक दिसत नाही, मागे मात्र सगळा पडदा उजेडाने झिरपत असतो आणि त्यात पुसटसा सिनेमा उलटा चालू असतो. माणसाएवढा कर्णा आणि त्यातून येणारा आवाज छातीत घुसतो, धूळ इतकी की नाक बंद, आणि कोपऱ्यात खूप चिल्लर पडलेली. हिरोच्या एंट्रीला फेकलेली. तेलुगू सिनेमा लागला की सोलापूरच्या पूर्व भागातून, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीतून, जी गर्दी यायची ती कागदाचे कपटे पण फेकायची आणि पाच-दहा पैशाची नाणीसुद्धा, आणि नाणं पडद्याला लागलं की तिथे कायमचा डाग. त्या टॉकीजच्या पडद्यावर खाली उजवीकडे एक ठिगळ होतं. नेहमीच्या लोकांना माहीत असायचं, पांढरा सीन आला, आकाश किंवा बर्फ, की नजर आपोआप ठिगळावर.

उलट्या सिनेमाचं नवल मला वाटलं नाही कारण आजोळी ते बघितलेलं. अक्कलकोटकडे आमचं आजोळ, जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा, पडदा मधोमध, माणसं दोन्हीकडे, आणि मागच्या बाजूला तिकीट कमी. तिकडून नावं उलटी दिसायची पण वाचायची कुणाला होती? फक्त सगळे डावखुरे. आजी कायम मागेच बसायची, म्हणायची तिकडे गर्दी नसते.

सोलापुरात मोठी चैन म्हणजे भागवत टॉकीज. एकाच आवारात अनेक थिएटरं, उमा मंदिर, चित्र मंदिर अशी नावं, एकाचं हाऊसफुल्ल निघालं की तिथल्या तिथे दुसरीकडे जायचं. मल्टिप्लेक्स हा शब्द आमच्या कानावर पडला तेव्हा सोलापूरकरांना फार काही वाटलं नाही ते त्यामुळेच. तेच आमच्याकडे आधीपासून, फक्त पॉपकॉर्न स्वस्त होतं, आणि होतंच कुठे, खाऱ्या शेंगा होत्या.

वडील मात्र चौकोनी पडद्याच्या बाजूचे. त्यांचा सिनेमा म्हणजे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', १९४६ चा, शांतारामबापूंनी काढला आणि कोटणीसही तेच झाले. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ मध्ये तिथेच गेले. आपल्या गावचा माणूस पडद्यावर, ह्याचं वडिलांना शेवटपर्यंत अप्रूप. ते म्हणायचे, तुमच्या त्या रुंद पडद्यावर माणूस कमी आणि मोकळं रान जास्त. त्यात तथ्य आहे. चेहरा चौकोनातच चांगला बसतो. पण गाडी, घोडा, वाळवंट, मारामारी ह्यांना रुंदीच पाहिजे. 'शोले' घ्या, शूटिंग ३५ एमएमवर आणि मग ७० एमएमच्या, म्हणजे दुप्पट रुंद फिल्मच्या, प्रिंटसाठी मोठा केलेला, त्यात फ्रेमचा वरचा-खालचा भाग कापावा लागला, तरी केला. का, तर रुंदी. आणि सहा ट्रॅकचा आवाज. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला.

तर आता टीव्हीवर येतो, मूळ प्रश्न तोच होता. तुमचा टीव्ही १६:९, म्हणजे रुंदी सोळा तर उंची नऊ. त्याच्यावर स्कोपचा सिनेमा लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, बरोबर? हिशोब करा, टीव्हीच्या जवळपास पाव भागावर काहीच नसतं. म्हणजे जो सिनेमा मुद्दाम मोठा दिसावा म्हणून काढला तो तुमच्या घरी बाकीच्यांपेक्षा लहान दिसतो, बातम्या पूर्ण पडदाभर आणि 'शोले' मधल्या पट्टीत. टीव्हीला हरवायला रुंद केलेलं चित्र टीव्हीनेच असं आखूड केलं. पासष्ट इंच असो नाहीतर पंचाहत्तर, पट्ट्या त्याच प्रमाणात वाढतात.

आणि मला जास्त राग कशाचा येतो सांगू का, आजकाल कित्येक मल्टिप्लेक्सच्या स्क्रीनलासुद्धा ते सरकतं काळं कापड नाही. पडदा आधीच ठरलेल्या मापाचा, स्कोप आला की वर-खाली करड्या पट्ट्या, नीट काळ्या पण नाहीत. अडीचशे-तीनशे रुपये घेता आणि घरच्यासारखंच दाखवता? साधारण २०१० नंतर चार-पाच वर्षांत रिळं गेली, डिजिटल आलं, ते चांगलंच झालं. ओरखडे नाहीत, प्रिंटची वाट बघणं नाही, मुंबई-पुण्याबरोबर आपल्याकडेही शुक्रवारीच सिनेमा, आधी तर प्रिंट इकडे येईपर्यंत तिच्यावर इतके ओरखडे असायचे की उन्हातल्या सीनमध्येसुद्धा पाऊस. डिजिटलबद्दल माझी तक्रार नाही, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर मला लगेच जुन्या काळात रमणारा म्हणता. तक्रार दोन बाजूंच्या कापडाची आहे, आणि ते सरकवायला एक मोटर लागते, बाकी काही नाही.

भाच्याने परवा विचारलं, मग मामा आम्ही कुठे बसायचं? अरे मधोमध, पण शेवटच्या रांगेत नाही. सगळे मागचीच तिकीटं काढतात, का ते मला कळत नाही, लांबून बघायचंय तर घरचा टीव्ही काय वाईट आहे. स्कोप असेल तर पडद्यापासून साधारण निम्म्या अंतरावर बस, दोन्ही कडा एका नजरेत जेमतेम मावतील इतक्या जवळ, मान थोडी फिरवायला लागली तरी चालेल. पूर्वी हीच जागा सगळ्यात स्वस्त होती, आता ॲपवर ती रिकामी असते. आणि जाण्याआधी बघून घे, सिनेमा स्कोप आहे की साधा, आणि तिथे पडदा सरकतो की नाही. काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं, मी विचारून बघतो दरवेळी, तो मॅनेजरला बोलावतो, मॅनेजर मला बाथरूम कुठे ते दाखवतो.