कराडच्या पुढे नकाशातली नदीकाठची रेघ धरू नका

वाई ते सांगली, कृष्णेच्या खोऱ्यातून, रोड बाइकवर, म्हणजे पातळ टायरच्या सायकलवर. निघण्याआधी ज्याला ज्याला विचारलं त्यानं हेच सांगितलं: "नदीकाठचा रस्ता आहे, सपाट आहे, डोळे झाकून जा." यातली एकही गोष्ट खरी नाही. रस्ता नदीकाठानं जात नाही, तो सपाट नाही, आणि कराडच्या पुढे उसाच्या गाळप हंगामात डोळे झाकलेत तर उसाच्या ट्रॉलीखाली जाल. अजून अंग दुखतंय, पण हे आत्ताच लिहितो, कारण पुढच्या आठवड्यात कोणीतरी हाच सल्ला ऐकून निघणार आहे.

आधी नदीकाठाला सलग रस्ता का नाही, ते समजून घ्या. इथली जुनी गावं थेट काठावर आहेत. घाट, देऊळ, वेस, सगळं नदीकडे तोंड करून. पण त्यांना जोडणारी सडक पुरापासून दूर, वरच्या अंगानं जाते. त्या सडकेवरून गावात उतरायचं, घाट बघायचा आणि आल्या वाटेनं परत चढायचं. दोन गावांच्या मधे काठाला असते ती मळी. काळी, कसदार, दर पुरात नवा गाळ घेणारी जमीन. तिथं ऊस असतो, पाणी उपसायच्या मोटारी असतात आणि बैलगाडीची वाट असते. मोबाइलवरच्या नकाशात हीच वाट रस्त्यासारखी दिसते.

वाई ते सातारा पस्तीसेक किलोमीटर, त्यात काही अडचण नाही, म्हणून फार लिहीत नाही. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट पहाटेच उरकून घ्या. ढोल्या गणपती (१७६२, रास्त्यांनी बांधलेला) वाटेतच आहे. लिंबची बारा मोटांची विहीर मात्र चुकवू नका. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ दिलं आहे, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. विहिरीच्या पोटातच छोटा महाल आहे. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट घालून त्या पायऱ्या उतरू नका, दगड गुळगुळीत झालेत. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थांबलो, देवळं बघितली, पाणी भरलं.

सातारा ते कराड महामार्गानं पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरतं. महामार्गाचा विचारही करू नका. सहापदरीकरणाच्या कामामुळे कडेची पट्टी कुठे आहे, कुठे नाही, आणि वळवलेल्या रस्त्यावर ट्रक अंगावर येतात. रहिमतपूर-मसूर मार्गे जा. अंतर वाढतं, चढ-उतार वाढतात, पण जीव शाबूत राहतो. मसूरला रामदासस्वामींनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे, चुन्यात घडवलेला. शहापूर आणि उंब्रजचे मारुतीही याच टापूत येतात. तिघांचं दर्शन एका दमात होतं, फक्त शहापूरसाठी थोडी वाट वाकडी करावी लागते.

कराडला मुक्काम. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एकत्र पूर्वेला वळतात. असा संगम मी दुसरीकडे बघितलेला नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथंच आहे. मुक्कामाच्या लॉजबद्दल मात्र सांगितलंच पाहिजे: फोनवर एक दर, दारात दुसरा, आणि सायकल जिन्याखाली ठेवायचे वेगळे दोनशे रुपये. सायकल खोलीत नेतो म्हटलं तर "फरशी खराब होते" हे उत्तर. फोनवरच सायकलचं स्पष्ट विचारा आणि ठरलेला दर मेसेजवर लिहून घ्या. दारात दमून उभ्या असलेल्या माणसाकडून लोक काहीही वसूल करतात.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो तो पट्टा. कराडहून मी रेठऱ्याच्या बाजूनं उतरलो. कोळे नृसिंहपूरचं भुयारातलं नृसिंहाचं देऊळ बघायचं आणि काठानंच बहे गावाला निघायचं, असं मला आखून दिलेलं होतं. आखून देणारा गृहस्थ सायकल चालवतो, म्हणून विश्वास ठेवला. नंतर कळलं की त्यानं तो तुकडा एप्रिलमध्ये, जाड टायरच्या सायकलवर केला होता. हे त्यानं आधी सांगायला हवं होतं.

डांबर संपलं, मग खडी संपली आणि मळी सुरू झाली. पाऊस नव्हता, जानेवारीचं कोरडं ऊन होतं, तरी वाट ओली. कारण उसाला पाणी सोडलेलं, पाट फुटलेला, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पाण्यानं भरलेल्या. चाकोरीवर पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरलेलं, त्यामुळे खाली खड्डा आहे की जमीन ते कळत नाही. २८ मिलिमीटरच्या टायरवर काळी माती बसायला लागली आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबलं. फोर्क आणि टायरच्या मधे माती, ब्रेकमध्ये माती, गिअर बदलणाऱ्या डिरेलरमध्ये पाचटाचे धागे. काडीनं खरवडायचं, वीस पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. शेवटी सायकल खांद्यावर. बांधावरून चालावं तर वेड्या बाभळीचे काटे, आणि तिथंच पुढचं चाक बसलं.

उसाला पाणी पाजणारे एक आजोबा बांधावर उभे होते. ते म्हणाले, "पाव्हणं, हिकडनं कुणी धाडलं तुमास्नी? ही वाट गाडीबैलाची हाय. सायकल न्यायची तर वरल्या सडकंनं." त्यांनी मोटारीच्या पाइपखाली सायकल धुवून दिली आणि गूळ-शेंगा दिल्या. पुढे नकाशात पूल दिसत होता, त्याचंही त्यांनीच सांगितलं: तो पूल नाही, कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे. अरुंद माथा, कठडा नाही, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असले की एका अंगाला फुगलेलं पाणी. सायकल हातात धरून एकट्यानं त्यावर जाऊ नका. मी गेलो नाही.

डांबरी रस्त्यापर्यंत जेमतेम पाच-सहा किलोमीटरसाठी एका 'छोटा हत्ती' टेंपोवाल्यानं आठशे रुपये मागितले. माझी अवस्था बघूनच आकडा ठरला होता. पाचशेवर तुटलं. तेही लुबाडणंच आहे. एखाद्या उसाच्या मळ्यात जाऊन नीट विचारलं असतं तर रिकाम्या परतणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं चहापाण्याच्या पैशात सोडलं असतं, हे नंतर दोघा-तिघांनी सांगितलं. तुम्ही तेच करा.

माझा निकाल साफ आहे: रोड बाइक असेल तर कराडहून नदीच्या डाव्या अंगानं शेणोली-ताकारीचा डांबरी रस्ता धरा आणि ताकारीहून नदी ओलांडून बहे-बोरगावला उतरा. नृसिंहपूर बघायचंच असेल तर ते बहेच्या बाजूनं डांबरावरून जाऊन-येऊन करा. शेणोलीला चढ आहे, पण दमदार माणसाला त्याचं काही वाटू नये. शिवाय हा रस्ता मला काठच्या कुठल्याही वाटेपेक्षा मोलाचा वाटतो. याच शेणोलीजवळ ७ जून १९४३ ला प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या पोरांनी पगाराची रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला. कुंडल इथून पुढे, क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्रही याच भागात. इंग्रजांविरुद्धचं हे प्रतिसरकार ज्या भूमीवर चाललं ती सगळी या एका रस्त्याच्या आजूबाजूला आहे. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी मळीत पाऊल टाकलं नसतं.

आता ट्रॉल्या. रेठरे, वाळवा, साखराळे, कुंडल, चारी बाजूंनी साखर कारखाने. साधारण नोव्हेंबर ते मार्च डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो, मागे दिवा नसतो, टेपवर गाणी इतकी मोठ्यानं की तुमची घंटी ऐकू जाणं शक्य नाही. चढाला ट्रॅक्टरचं पुढचं चाक उचलतं, तेव्हा त्याच्या मागे चिकटून राहू नका. ओव्हरटेक करताना पहिली ट्रॉली संपली म्हणून आत वळू नका, दुसरी असतेच. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावर पातळ टायर घसरतो. संध्याकाळी पाचनंतर या पट्ट्यात सायकल चालवायची नाही. सकाळी धुकं असतं, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही लावा.

ट्यूबचं आधीच बघा. रोड बाइकची ७०० सी मापाची, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवाली ट्यूब गावच्या पंक्चरच्या दुकानात मिळत नाही आणि त्यांच्या हवेच्या पाइपाला तो व्हॉल्व्ह बसत नाही. पितळी अडॅप्टर खिशात ठेवा, पंप ठेवा, जादा ट्यूब दोन ठेवा. कराड सोडलं की थेट सांगलीपर्यंत भरवसा नाही.

बहेला नदीच्या मधल्या बेटावर रामलिंगाचं देऊळ आणि मारुती आहे. तिथं पाय पाण्यात सोडून बसलो आणि अर्धा राग तिथंच गेला. पुढे वाळवा, अंकलखोप, औदुंबर. औदुंबरला दत्ताचं दर्शन, समोरच्या काठाला भुवनेश्वरी. भिलवडीच्या पुलावरून पलीकडे गेलो आणि वसगडे-नांद्रे रस्त्यानं सांगली. हा शेवटचा टप्पा सोपा आणि देखणा आहे. दोन्ही बाजूंना हळद, पाठीवर वारा. त्या तासाभरात असं वाटलं की उद्या परत वाईला जाऊन पुन्हा निघावं.

सांगलीत गणपतीचं दर्शन घेऊन आयर्विन पुलावर जा. १९२९ चा दगडी पूल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली होती. पुलावरून खाली बघा, तो आकडा मनात धरा आणि मग पावसाळी राइडचा बेत आखणाऱ्या मित्रांना फोन करा. येरळा जिथं कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला त्याच पुरात बोट उलटून माणसं गेली. तुम्ही ज्या रस्त्यानं सांगलीत शिरता, त्याच्या अगदी जवळ. जुलै-ऑगस्टमध्ये या खोऱ्यात काठाकाठानं सायकल घालायची नाही, कोणी कितीही फोटो दाखवले तरी.

हरिपूरला वारणेचा संगम आणि संगमेश्वर तीन-चार किलोमीटरवर आहे, सकाळी मोकळ्या पायानं करून या. परतीला मिरजेहून रेल्वेगाडी धरा, तिथं जास्त गाड्या मिळतात. सायकल पार्सलनं जाते. गाडीच्या बऱ्यापैकी आधी पार्सल ऑफिसात पोचा, पेडल काढा, हँडल वळवून बांधा, डिरेलरच्या बाजूला पुठ्ठा लावा आणि दोन ठिकाणी नाव-पत्ता लिहा. हमालाशी दर आधी ठरवा.