बाबांचा अँप्लिफायर आणि सारखा उडणारा फ्यूज

बाबांनी ८० च्या दशकात घेतलेला लाकडी कॅबिनेटचा अँप्लिफायर परवा माळ्यावरून काढला, लावला आणि फ्यूज गेला. दुसरा २ अँपिअरचा टाकला, तोही गेला. खालच्या मजल्यावरचे काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांना विचारलं तर म्हणाले, "अरे फ्यूज काय बदलत बसलायस, आधी सिरीज बल्ब लाव."

म्हणजे १०० वॉटचा साधा पिवळा बल्ब फेजच्या वायरमध्ये सिरीजला लावायचा, आत शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो आणि सगळं ठीक असेल तर एकदा चमकून मंद होतो. माझा लख्ख पेटला तो पेटलेलाच राहिला.

प्लग काढला पण लगेच हात घातला नाही, ४७०० मायक्रोफॅरडच्या मोठ्या कॅपॅसिटरवर १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर अर्धा मिनिट धरला, मीटरवर शून्य बघितलं, मगच पुढे. हे प्लीज कुणी टाळू नका, प्लग काढला तरी त्यात चार्ज राहतो.

उजव्या चॅनलचे दोन २एन३०५५, ते शंकरपाळ्याच्या आकाराचे धातूचे ट्रान्झिस्टर, बाहेर काढून तपासले तर दोन्ही कलेक्टर-एमिटर शॉर्ट. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून नवीन आणले, पहिल्या दुकानातले हातात फारच हलके वाटले म्हणून घेतले नाहीत, या नंबरचे डुप्लिकेट खूप फिरतात. ट्रान्झिस्टरखालचा नवीन मायका (वीज अडवणारी पातळ चकती), उष्णता वाहून नेणारी पेस्ट, सगळं नीट बसवलं आणि बल्ब मंद झाला!

मी तर तिथेच झाकण लावणार होतो, पण काका म्हणाले, "हे दोघं मेले कशाने ते सापडलं का?" नव्हतं सापडलं.

मग एमिटरच्या ०.४७ ओहम रेझिस्टरवर मीटर लावून बसलो. आवाज बंद असताना तिथे साधारण १० मिलिव्होल्ट यायला हवेत, म्हणजे २० मिलिअँपिअरच्या आसपास, ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणाऱ्या या थोड्याशा करंटलाच बायस म्हणतात. आधी १० दाखवत होता, मग पेन्सिलच्या मागच्या टोकाने बोर्डावर हळूच टकटक केली आणि बायसच्या प्रीसेटजवळ (बायस कमी-जास्त करायचा छोटा फिरता रेझिस्टर) आल्यावर आकडा एकदम ९० वर उडाला, परत टकटक केली की १०. प्रीसेटचा फिरणारा पत्रा काळा पडलेला, कॉन्टॅक्ट सुटला की बायस पूर्ण वर जातो आणि आवाज बंद असतानासुद्धा ट्रान्झिस्टर तापत राहतात, म्हणजे नवीन जोडीही गेलीच असती!

दोन्ही चॅनलचे प्रीसेट बदलले (डावाही तेवढाच जुना ना), बायस कमीत कमी असेल असे ठेवून चालू केलं आणि हळूहळू वर आणलं. मग बल्ब काढून तासभर चालवला, आकडा १० ते ११ मध्येच आणि हिटसिंक (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा पट्टा) नुसता कोमट.

रात्री विविध भारती लावली, बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि टोन कंट्रोलचा बास नेहमीसारखा थोडा वर करून परत गेले. काकांनी स्पीकरला कान लावला, "हम आहे रे थोडा." आहे खरा, १०० हर्ट्झचा बारीक घूं आवाज, पॉवर सप्लाय सपाट करणारा फिल्टर कॅपॅसिटर दमलाय. नवीन आणून ठेवलाय, रविवारी टाकतो.