घड्याळ कोणाचे?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आठवणी पुष्कळ सांगता येतील. मला मात्र कनिष्ठ महाविद्यालयातील आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी अभ्यासक्रमाबाहेर जाऊन शिकवलेल्या कालप्रसरणाविषयीच (वेगाने जाणारे घड्याळ स्थिर निरीक्षकाला संथ चालताना दिसते, त्याविषयी) लिहायचे आहे, कारण आज हाच विषय शिकवताना मी त्यांचाच क्रम पाळतो.

सरांनी अंतराळयान आणि जुळे भाऊ (यानातून फिरून आलेला भाऊ घरी राहिलेल्यापेक्षा तरुण राहतो) यांपासून सुरुवात केली नाही, आणि ते योग्यच होते. त्या उदाहरणात विद्यार्थी गोष्टीतच रमतो. त्यांनी फळ्यावर मांडला तो फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांचा 1963 मधील प्रयोग. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे 1900 मीटर उंचीवर, प्रकाशाच्या साधारण 99.5 टक्के वेगाने येणारे म्युऑन (वातावरणात वर तयार होणारे, थोड्याच वेळात आपोआप क्षय पावणारे सूक्ष्म कण) ताशी 560च्या आसपास मोजले गेले. म्युऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, तर समुद्रसपाटीपर्यंतच्या प्रवासाला लागतात 6.4 मायक्रोसेकंद. घातांकी क्षयाचे (ठरावीक काळात उरलेल्या कणांचा ठरावीक हिस्सा नष्ट होत जाण्याचे) गणित आम्ही वहीत केले, तेव्हा खाली ताशी तीसेक म्युऑन उरायला हवेत असे उत्तर आले. सरांनी त्याशेजारी प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहिला : सुमारे 410.

"म्हणजे म्युऑनला वेळ हळू जातोय असं वाटतं का, सर?" असे एकाने विचारताच सर म्हणाले, "घड्याळ कोणाचं, ते आधी सांग." म्युऑनच्या स्वतःच्या चौकटीत, म्हणजे त्याच्यासोबत जाणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने, त्याचे आयुष्य 2.2 मायक्रोसेकंदच असते. तिथे पर्वतच त्याच्याकडे धावत येतो, त्याची उंची आकुंचन पावून 200 मीटरांच्या थोडी वर उरते आणि ती ओलांडायला जेमतेम 0.7 मायक्रोसेकंद लागतात. कोणत्याही बाजूने गणित केले, तरी तळाशी पोहोचणाऱ्या म्युऑनांची संख्या तीच येते. हे जुळल्यावरच सरांनी प्रकाशघड्याळ काढले : आरशांमध्ये वर-खाली जाणारा किरण चालत्या घड्याळात तिरका, म्हणून लांबचा मार्ग घेतो, त्याचा वेग मात्र तोच राहतो, पुढचे काम पायथागोरसचे.

होमी भाभांचे नाव मी प्रथम याच तासाला या संदर्भात ऐकले. केंब्रिजला असताना, 1938 मध्ये 'नेचर'मधील एका टिपणात त्यांनी दाखवून दिले होते की क्षय पावणाऱ्या अशा कणाला घड्याळ मानता येते आणि कण गतिमान असताना त्याचा क्षयकाल लांबतो. पर्वतावरचा तो प्रयोग त्यानंतर पंचवीस वर्षांनी झाला.

आज शाळेत शिकणाऱ्यांनी हे उदाहरण दोन्ही चौकटींतून कागदावर सोडवून पाहावे. त्यासाठी घातांकी क्षय आणि लॉगॅरिदम येत असले की पुरे.